उंदीर पडले

बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत सिस्टर मोबाईलवर आकडे भरतात. नुसता ताप किती, पुरळ उठलेला ताप किती, जुलाब किती, कावीळ किती. यादीच्या तळाशी एक रकाना असतो: वरच्या कशातच न बसणारी, पण दवाखान्यात भरती करायला लावणारी किंवा जीव घेणारी लक्षणं. तिथं बहुधा शून्यच पडतं. या शून्याचा माग काढत गेलं की वाट याच जिल्ह्यातल्या मामला गावाशी पोचते.

मोबाईलवरचं ‘आयएचआयपी’ पोर्टल २०२१चं. त्याआधी सिस्टर भरतात तो हाच आकड्यांचा तक्ता, म्हणजे ‘एस’ फॉर्म, कागदी होता आणि आठवड्याला एकदा वर जायचा. तो २००४च्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा. त्याच्याही मागे नव्वदीच्या अखेरीस मोजक्या जिल्ह्यांत सुरू झालेली योजना, आणि तिच्यामागे १९९४ची धास्ती.

त्या वर्षी ऑगस्टात मामल्यात उंदीर मरून पडू लागले, पिसवा चावू लागल्या. महिनाअखेरीस लोकांना ताप आला. जांघेत, काखेत गाठी आल्या. १९६६नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग निघाला, लाखो लोक शहर सोडून पळाले, परदेशांनी विमानं आणि माल अडवला. देशभरात संभाव्य रुग्ण ८७६, मृत्यू ५४. पण भीतीचा फटका त्याहून कितीतरी मोठा.

तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे प्लेग, कॉलरा आणि पीतज्वर एवढेच आजार जगाला कळवावे लागत. १९९५मध्ये ते नियम बदलायचं ठरलं. २००५च्या नव्या नियमांत नाव नसलेला, अनोळखी आजारही आला. सिस्टरच्या यादीतला शेवटचा रकाना याच विचाराचा.

पण या साऱ्याचा मूळपुरुष त्याहून जुना. १८९६मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढं गावोगाव पसरला. तेव्हा ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द कानावर आले की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालत. फॉर्म नाही, प्रयोगशाळा नाही. बातमी आणि हालचाल यांत फारसं अंतरच नसे.

मामल्यात उंदीर पडणं आणि माणसं तापणं यांत काही आठवडे गेले. आज आकडा दिल्लीला क्षणात पोचतो. मात्र ‘एस’ फॉर्म माणूस आजारी पडल्यावरच भरला जातो. उंदीर पडल्याचं अजूनही कुणीतरी उपकेंद्रात येऊन तोंडानंच सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्यानं ते मनावर घ्यावं लागतं.