संपावर फोडलेले खापर

गिरणगाव संपाने बुडाले, हे विधान आता लालबाग-परळच्या टॉवरांतच नव्हे, तर खुद्द गिरणी कामगारांच्या नातवंडांच्या तोंडीही ऐकू येते. इतक्या वेळा उच्चारलेले विधान पुरावा मागत नाही. म्हणूनच तो मागायला हवा.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडू, कारण ती पोकळ नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. इंजिनिअरिंग कारखान्यांत भरघोस पगारवाढ मिळवून देणारी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची पद्धत जुनाट यंत्रांवर चालणाऱ्या गिरण्यांना पेलणारी नव्हती. माघारीची वाट त्यांनी ठेवली नाही. संप लांबला, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले आणि गिरण्यांचे भोंगे थंडावले. सामंतांवरची ही टीका मला बरीचशी मान्य आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मुळीच मान्य नाही.

आजारी गिरण्या चालवण्यासाठी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले ते 1968 साली, आणि अशा गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला 1974 साली. 1982 चा संप तेव्हा कुठे होता? शिवाय अहमदाबाद पाहा. तिथे गांधीजींच्या प्रेरणेने उभा राहिलेला मजूर महाजन होता, लवादाची परंपरा होती, मुंबईसारखा संप नव्हता. तरीही 1980 च्या दशकात तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तिथे कोण दत्ता सामंत होता?

संपानंतर मुंबईतल्या बऱ्याच गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, कमी कामगारांवर. हजारोंना परत घेतले गेले नाही; संपाची ही किंमत खरीच, आणि ती मालकांनी नव्हे, कामगारांनी मोजली. पण गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवणे फायद्याचे कधी झाले? उदारीकरणाच्याच वर्षी, 1991 मध्ये, विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा विकास खुला केला. एक तृतीयांश जमीन महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरली. 2001 च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. हे निर्णय कोणत्याही संपकऱ्याने घेतलेले नाहीत.

आता मूळ प्रश्न. इतके कामगार एका बाहेरच्या डॉक्टरामागे का गेले? भोळेपणाने, असे सांगितले जाते. गिरणी कामगारांच्या बुद्धीचा याहून मोठा अपमान नाही. याचे उत्तर देश लोकशाहीकडे जात असतानाच्या वर्षांत सापडते. 1938 मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने संपाच्या हक्काला वेसण घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. डॉ. आंबेडकरांनी ते विधिमंडळात कडाडून झोडपले आणि 7 नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांसोबत संपात उतरला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन पक्ष त्या दिवशी एकत्र आले, यावरूनच धोका केवढा वाटत होता ते कळते. तरीही 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा त्याच वाटेने पुढे गेला. एका शहरातल्या साऱ्या कापडधंद्यासाठी एकच प्रातिनिधिक संघटना. करार करायचा तो तिनेच. तिची निवड गुप्त मतदानाने नाही, सभासद नोंदणीवर. पुढे त्यासाठी 25 टक्के सभासद पुरेसे ठरले. काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला हे स्थान मिळाले आणि टिकले.

नव्या राष्ट्राला उत्पादन हवे होते, औद्योगिक शांतता हवी होती. कायदा करणाऱ्यांचा हा हेतू मी नाकारत नाही. पण परिणाम काय झाला? 1952 पासून खासदार निवडणाऱ्या कामगाराला खात्यात आपला प्रतिनिधी निवडता येईना. 1950 साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप केला, 1974 साली कम्युनिस्ट डांग्यांच्या लाल बावट्याने 42 दिवस. मान्यता जिथल्या तिथे. 1981 मध्ये बोनसचा करार पुन्हा कामगारांना न विचारता झाला, तेव्हा स्टँडर्ड मिलचे कामगार सामंतांकडे गेले. म्हणूनच 1982 च्या मागण्यांत पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करण्याची मागणीही होती, आणि ती आज कुणाला आठवत नाही.

सामंतांमागे कामगार दहशतीने उभे होते, असाही एक आरोप आहे. त्याची परीक्षा झालेली आहे, आणि तीही गुप्त मतदानाने. डिसेंबर 1984 मध्ये, देशभर काँग्रेसची प्रचंड लाट असताना आणि संपाला जवळजवळ तीन वर्षे होऊन सारे काही हातचे गेलेले असताना, गिरणगाव ज्यात येते त्या मुंबई दक्षिण मध्यच्या मतदारांनी दत्ता सामंतांना लोकसभेवर निवडून दिले.