बिरड्याचा सण
कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल समाज ज्या दिवसाला 'बिरड्याचा सण' म्हणत आला, तो वस्तुतः सण नसून शोकाचा उपवास आहे. हिब्रू पंचांगातील आव महिन्याच्या नवव्या दिवशी, इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनी सैन्याने व इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्याचे स्मरण केले जाते. त्या वेळी वाचला जाणारा ग्रंथ मराठी बायबलात 'विलापगीत' ठरला, तरी हिब्रूत त्याचे नाव 'एखा', म्हणजे 'कसे!', हे आरंभीच्या शब्दावरून पडले आहे. त्याच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचलेले असल्यामुळे, आकांतालाही तेथे कडक शिस्त आहे.

बिरडे म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांचे कालवण, आणि या शब्दाचे नाते संस्कृत 'विरूढ', म्हणजे अंकुरलेले, याच्याशी जोडले जाते. कोकणात हा पदार्थ इतका रुळलेला होता, की हिब्रू पोथ्यांशी संपर्क तुटलेल्या या समाजाने शोकदिनाची ओळख त्या उपवासाशी जोडलेल्या जेवणावरूनच जपली.