मधुमेह : औषध व आहार (वसई-विरार)

वसई-विरार (जि. पालघर) हा भात, मासळी आणि केळीचा पट्टा, मधुमेहाचे पथ्य येथे याच ताटातून ठरवावे लागते. बांगडा तळण्याऐवजी कालवणात उत्तम. भात मोजून, भाजी-डाळ भरपूर. खरा प्रश्न सुकेळ्यांचा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की पाणी उडते, साखर मात्र तेवढीच राहते. वरून साखर घातलेली नाही म्हणून सुकेळी चालतात, ही समजूत घातक आहे. एक सुकेळे म्हणजे एक पूर्ण केळे धरावे.

टाइप २ मधुमेहात मेटफॉर्मिन हे बहुधा पहिले औषध. पोट बिघडू नये म्हणून ते जेवणासोबत घेतात. उपाशीपोटी साखर ८० ते १३० मिग्रॅ./डेलि. आणि एचबीए१सी ७ टक्क्यांखाली, हे बहुतेक प्रौढांचे लक्ष्य.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवू नये. विरार लोकलच्या गर्दीत साखर ७०च्या खाली गेली तर घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. तेव्हा सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लुकोज खिशात असावेच. आकडे सुधारले तरी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. मेटफॉर्मिन चालू असताना मूत्रपिंडाचे कार्य वर्षातून एकदा तरी तपासतात.