दमणगंगेकाठचे भाडेकरू

सिल्वाशाचा इतिहास लिहिताना २ ऑगस्ट १९५४ या मुक्तिदिनापाशी लेखणी रेंगाळते, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या लढ्यातील सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजाभाऊ वाकणकर ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. परंतु या भूमीवर कोण कोणाच्या जागेत राहिले, हा प्रश्न घेऊन मागे गेले की दमणगंगेकाठच्या या लहानशा शहराची निराळीच बाजू उजेडात येते.

१७७९ च्या तहान्वये पुणे दरबाराने पोर्तुगिजांना वार्षिक १२,००० रुपये उत्पन्न लावून दिले. त्यासाठी १७८३ व १७८५ साली गावे नेमून देण्यात आली. मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असा निष्कर्ष पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात नोंदविला. मात्र इंग्रजांनी नंतर पोर्तुगिजांची प्रत्यक्ष सत्ता मान्य केली होती, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितले. वसुलीपुरता आलेला पाहुणा अशा रीतीने घरधनी होऊन बसला! १८८५ साली तर त्याने सिल्वाशाला ‘पासो द आर्कोस’ असे आपल्याकडचे नावही दिले. लोकांच्या तोंडी ते फारसे बसले नाही.

घरधनी बदलला तरी कसणाऱ्याचे दैन्य संपले नाही. पोर्तुगीज अमलात ‘अलवारा’ पद्धतीने मोठमोठ्या जमिनी मूठभरांच्या हाती गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे वारली, कोकणा, धोडिया आपल्याच रानात कूळ व मजूर ठरले. १९६१ साली प्रदेश भारतात विलीन झाला, तरी या पद्धतीला कायद्याने मूठमाती देण्यास १९७१ चा जमीन सुधारणा विनियम यावा लागला. मुक्तीनंतरची ही सतरा वर्षे गौरवग्रंथांतून सहसा निसटतात.

दरम्यान १९६५ मध्ये पिपरिया येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली होती. मागाहून करसवलतींच्या ओढीने कारखाने आले. वापीचे रेल्वे स्थानक जवळ, मुंबईच्या मानाने जागा स्वस्त. साहजिकच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश येथून कामगारांची रीघ लागली. १९६१ मध्ये अवघी ५७,९६३ असलेली प्रदेशाची लोकसंख्या २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. त्याहून बोलका आकडा निराळाच आहे. दर हजार पुरुषांमागे १९९१ साली ९५२ स्त्रिया होत्या. २०११ साली ७७४ उरल्या. बिऱ्हाड गावी ठेवून एकटे आलेले हे पुरुष. त्यांच्यासाठी आमली, मसाट, राखोलीच्या बाजूला चाळी उठल्या: एक खोली, चौघे-पाचजण, वाटून घेतलेले भाडे, आणि कारखान्याच्या पाळीनुसार आलटूनपालटून झोप.

या चाळींपैकी काहींचे मालक आदिवासी आहेत. ज्याच्या आजाला जमिनीचा कागद कधी दिसला नाही, त्याचा नातू महिन्याच्या महिन्याला भाडे वसूल करतो. काही घरांत मात्र जमीन हातची गेली आणि मुलगा त्याच जमिनीवरच्या कारखान्यात रोजंदारीला लागला. एकाच पाड्यात ही दोन्ही घरे भेटतात. २०२० च्या टाळेबंदीत कामगार गावी परतले, तेव्हा खोल्यांना कुलपे लागली आणि चाळवाल्यांचे उत्पन्नही थांबले.