मोर्तब, कागदावरचे आणि फाइलवरचे

1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन तिथे पोचला. गडावर मारा करताना त्याने इंग्रजांचे निशाणही फडकवले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली, इंग्रजांना कैद केले. सुटका 1663 मध्ये झाली. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनी नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे वकील पाठवत राहिली, आणि 1674 च्या तहात दहा हजार होनांवर प्रकरण मिटले.

हे सगळे इतक्या बारकाईने कळते, कारण कंपनीचे कारकून प्रत्येक पत्राची नक्कल वहीत उतरवून ठेवत. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने 1931 मध्ये हा इंग्रजी पत्रव्यवहार संग्रहरूपाने छापला. रेव्हिंग्टनच्या कृत्याची साक्ष त्याच्याच माणसांच्या कागदांतून मिळते.

मराठ्यांच्या दफ्तरात खबरदारी वेगळ्या जागी होती. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा, आणि मजकूर जिथे संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. ते उमटल्यावर खाली एक ओळही वाढवता येत नसे. कागदात फेरफार झालेला नाही याची खात्री कागदानेच द्यावी, हा विचार त्यात होता. आजच्या सायबर गुन्ह्यांच्या खटल्यांत वकील ज्यावर तासन्‌तास भांडतात, तो प्रश्न हाच आहे.

कागद मागे पडून ध्वनिफीत आली तेव्हा मोर्तबाची जागा काही काळ रिकामीच राहिली. मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्याला लाच देऊ केल्याच्या एका प्रकरणात संभाषण चोरून टेप केले गेले. युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते सर्वोच्च न्यायालयात पोचले. 1967 च्या निकालात न्यायालयाने ध्वनिफीत पुरावा म्हणून मान्य केली, पण फितीला सील नव्हते याची दखल घेतली: सील नसेल तर फितीशी छेडछाड झाली असा आक्षेप येणारच. टेप पुसता येते, तोडून जोडता येते. यंत्राच्या पुराव्याबद्दलचा इतका स्वच्छ इशारा त्या काळात मिळाला होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी लागू झाला. त्याबरोबर पुरावा कायद्यात कलम 65-ब आले: संगणकातल्या नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली हे सांगणारे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र जोडायचे. ते सक्तीचे की सोयीचे, यावर निकाल उलटसुलट होत राहिले. वाद मिटवला तो मराठवाड्यातल्या एका निवडणुकीने.

2014 ची जालना विधानसभा निवडणूक अर्जुन खोतकरांनी 296 मतांनी जिंकली. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर घेतला गेला, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण. पण 65-बचे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. मागणी, अर्ज, सगळे करून झाले. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचेच ठरवले. मात्र मागणाऱ्याने शक्य ते सारे केले असेल आणि ज्याच्या हाती यंत्र आहे तोच देत नसेल, तर मागणाऱ्याचे नुकसान होऊ नये, असेही म्हटले. निवड रद्द करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे खोतकरांचे अपील फेटाळले गेले. हा तोल मला फार न्याय्य वाटतो. सरकारी कपाटातल्या पुराव्याची किल्ली सामान्य माणसाकडे कधीच नसते.

मधल्या काळात पुराव्याचा ढीग प्रचंड झाला होता. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लांबवले गेले. बनावट कार्डांनी देश-विदेशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. पोलिसांना एटीएममधले सीसीटीव्ही चित्रण तपासावे लागले. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. एसएचए-256 पद्धतीने काढलेली ही 64 अंक-अक्षरांची ओळ असते, आणि फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ती पूर्ण बदलते. मोर्तबाचे काम आता तिच्याकडे आहे.

राजापूर तालुक्यातल्या एखाद्या आजींना बँकेच्या नावाने फोन आला आणि खाते रिकामे झाले, तर 1930 या क्रमांकावर तक्रार करता येते. नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा तो फोनच जपून ठेवणे अधिक मोलाचे. जालन्याच्या निकालानुसार फोनचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ उपकरण दाखवणार असेल, तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज पडत नाही. फोन करणाऱ्याच्या नोंदी मात्र दूरसंचार कंपनीकडे असतात. तपासात मागितलेल्या अशा नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, असा आदेश त्याच निकालात कंपन्यांना दिलेला आहे.