भिंतीवरचा आकडा

१८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याचे ६३ वे कलम फारसे कोणाच्या वाचनात नसते. प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती प्रवासी घ्यावयाचे ते रेल्वे प्रशासनाने सरकारच्या संमतीने ठरवावे आणि तो आकडा आत वा बाहेर ठळकपणे लिहावा, असे ते सांगे. आकडा भरल्यावर आत शिरून उतरण्यास नकार देणाऱ्याला दंडही होता. माणसाला काही एक जागा लागते, हे वसाहतीच्या सरकारला निदान कागदावर मान्य होते.

कागदाबाहेर काय घडे, ते १९१७ साली महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलेल्या पत्रात दिसते. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांच्या डब्यावर २२ चा आकडा होता. पुण्यापर्यंत तो पाळला गेला, पण कायद्यामुळे नव्हे. आतल्या धीट प्रवाशांनी बाहेरच्यांना थोपवून धरले म्हणून. रायचूरनंतर त्यांचाही इलाज चालेना, आणि रेल्वेचे नोकर फिरकत ते आणखी माणसे आत ढकलण्यासाठी. विरार लोकलच्या दारात उभे राहून बोरिवलीच्या प्रवाशाला चढू न देणारे टोळके आपण उद्दाम म्हणून ओळखतो. ते उद्दाम असतेच. पण त्याचे कुळ बरेच जुने आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली आणि मुंबईची उपनगरे लांबत गेली. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि घरे उत्तरेकडे, अशी या चिंचोळ्या शहराची घडण. त्यामुळे सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेची. पुढे नऊ डब्यांच्या गाडीची क्षमता सुमारे १,७०० धरली गेली, तेव्हा ऐन गर्दीत तीत ४,५०० हून अधिक माणसे असत. या अवस्थेला रेल्वेने नावही दिले: 'सुपर डेन्स क्रश लोड'. अर्थ असा, की एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. (वाचकांनी घरातली एक फरशी मोजून पाहावी.) कायद्याच्या भाषेत जी 'कमाल संख्या' होती, तिचा अभियंत्यांच्या भाषेत 'भार' झाला. संख्येला मर्यादा असते; भार स्प्रिंगांना पेलवला की पुरे.

गंमत अशी, की मूळ कलम मेलेले नाही. १९८९ च्या कायद्यात ते ५७ वे कलम म्हणून जवळपास जसेच्या तसे उतरले. त्याच कायद्याचे १५६ वे कलम मात्र टपावरून वा पायरीवरून प्रवास करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड सांगते. डबा किती भरावा हे ठरवणे प्रशासनाचे काम, आणि तो भरल्यामुळे पायरीवर लोंबकळणारा गुन्हेगार! २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गाडीत चढताना पडलेल्या प्रवाशाच्या वारसांनाही भरपाई मिळते असा निर्णय दिला, हा त्यातला दिलासा. पण तो मेल्यानंतरचा. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २,५०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत रूळ ओलांडणारे पुष्कळ होते, तसेच धावत्या गाडीतून पडलेलेही.

९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधील वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यांतील चौघे त्याच दिवशी मरण पावले. त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. अशी दारे वातानुकूलित लोकलला २५ डिसेंबर २०१७ पासून आहेतच. साध्या गाडीत दार लावले तर आतली माणसे गुदमरतील, ही अडचण खरी. म्हणून दारांना झडपा आणि छतावर हवा खेळवणारी यंत्रे बसवण्याचे योजले गेले. हवेचा हिशेब त्यात आहे, माणसांचा मात्र नाही. गर्दीच्या वेळी वातानुकूलित लोकल फलाटावर खोळंबते, ती बहुधा दारात कोणीतरी अडकून ते मिटत नाही म्हणून. मग फलाटावरचे दोघेतिघे त्याला पाठीने आत रेटतात आणि गाडी सुटते.