गाडी येते म्हणजे नेमकं काय येतं?

'गाडी येते का?' हा मराठीतला मोठा गमतीदार प्रश्न आहे. पोळ्या येतात का, पोहता येतं का, तसंच गाडी येते का. 'येते' म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच असतो, 'गिअरची की बिनगिअरची?' आणि उत्तर 'बिनगिअरची' असं आलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव उमटतो. पुरणपोळ्यांचं तोंडभर कौतुक करून झाल्यावर पुरण विकतचं होतं असं कळावं, तसा काहीसा.

गेले काही दिवस आमच्या घरात या विषयावर घमासान चालू आहे. (निमित्त ओघात येईलच.) एका पक्षाचं म्हणणं, शिकायची तर क्लच-गिअरचीच, ऑटोमॅटिक शिकणं हे काय शिकणं झालं? दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, जमाना बदलला, डाव्या पायाला जरा आराम द्या. दोन्हीकडचे मुद्दे मला तोंडपाठ झाले. मग वाटलं, जरा मागे जाऊन बघावं की हा क्लच 'खऱ्या' ड्रायव्हिंगचा भाग झाला तरी कधीपासून. बघायला गेले आणि रंगूनच गेले. म्हणून हा लांबलेला लेख, सांभाळून घ्या.

तर मुळात गिअर लागतात कशाला? बैल जागच्या जागी उभा असतानाही खांदा लावून पूर्ण जोर काढू शकतो. पेट्रोलच्या इंजिनाला ते जमत नाही. ते आधी फिरत असावं लागतं, आणि तेही एका ठराविक वेगात, मगच त्यात जोर येतो. त्यामुळे इंजिन आणि चाकं यांच्यात मध्यस्थ लागतो. इंजिन चाकांपासून सोडवणारा क्लच, आणि वेग-जोराचा हिशोब जमवणारा गिअरबॉक्स. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये एमिल लव्हासोरने आपल्या गाड्यांत सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स बसवला, आणि आजच्या मॅन्युअल गाडीचा पूर्वज जन्माला आला.

पण म्हणून सगळ्या जुन्या गाड्या तशाच होत्या असं समजू नका. ज्या गाडीने अमेरिकेला चाकांवर बसवलं, ती फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात अशा सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या. तिला पायाशी तीन पेडल होते, पण आपल्या ओळखीचे नव्हेत. डावा पेडल पूर्ण दाबला की पहिला गिअर, अर्धा दाबला की न्यूट्रल, सोडला की वरचा गिअर. मधला पेडल रिव्हर्सचा आणि उजवा चक्क ब्रेकचा! अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नव्हताच, तो स्टिअरिंगजवळच्या छोट्या दांडीवर. आज हाफ क्लचवर चढावाला गाडी तोलून धरणारा वाघ त्या गाडीत बसवला, तर तो गाडी पुढे घेऊ पाहताना उजवा पाय दाबून ब्रेकच लावेल. तेव्हा आपण ज्याला पिढ्यानपिढ्यांची रीत समजतो, ती अनेक रीतींपैकी एक होती.

शिवाय गाडी 'येण्यात' तेव्हा आणखी एक गोष्ट यायची, हॅंडल मारणं. समोर उभं राहून लोखंडी हॅंडल फिरवायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हे दुखणं कमी होत गेलं. त्या काळात विजेवर चालणाऱ्या गाड्याही होत्या बरं का. त्यांना ना हॅंडल, ना गिअर बदलण्याची कटकट. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची. जगाला मॉडेल टी विकणाऱ्याच्या घरात दुसऱ्याच कंपनीची विजेची गाडी!

मॉडेल टी सोडून इतर गाड्यांत गिअर बदलणं हे तेव्हा खरोखर कसबाचं काम होतं. दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दातेरी चाकं एकमेकांत बसवायची. वेग जुळला नाही की दात करकरणार. त्यासाठी खालच्या गिअरवर येताना क्लच दाबून आधी न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा एक ठोका, पुन्हा क्लच, मग गिअर. जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी 'डबल क्लच' हा शब्द ऐकला असेल, तोच हा प्रकार. १९२८ मध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्प्सनचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणला. त्यात दात एकमेकांत जाण्याआधी शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग घासून वेग आपोआप जुळवून घेतात. आज 'मी मॅन्युअल चालवतो' म्हणून मिशीला पीळ देणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीत हा सिंक्रोमेश बसलेला आहे. म्हणजे निम्मं कसब यंत्राने केव्हाच काढून घेतलंय, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

पुढची पायरी क्लचचीच. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी एक युक्ती शोधली होती. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक फिरवला की त्याच्या झोताने दुसरा फिरतो. हवेच्या जागी द्रव वापरायचा, की दोन भाग एकमेकांना न टेकताही जोर इकडून तिकडे जातो. याच तत्त्वावर जनरल मोटर्सने १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, 'हायड्रामॅटिक' आणला. चार गिअर, सगळे आपोआप पडणारे, आणि क्लचचा पेडलच नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाला ५७ डॉलर जास्त मोजावे लागत.

मग दुसरं महायुद्ध आलं, आणि हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम५ स्टुअर्ट रणगाड्यात गेला. ऑटोमॅटिक ही नाजूक लोकांची सोय, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

या सगळ्या वाचनात मला सगळ्यात भिडलेली गोष्ट मात्र रणगाड्याची नाही. युद्धातून हजारो तरुण हातपाय गमावून परत येत होते. ओल्ड्समोबिलने त्यांच्यासाठी 'व्हॅलियंट' नावाची योजना काढली. हायड्रामॅटिक गाडी आणि ज्याचा जो अवयव गेला असेल त्याप्रमाणे बदलून दिलेली नियंत्रणं. १९४६ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला आणि पाय गमावलेल्या सैनिकांना गाडीसाठी १६०० डॉलरपर्यंत मदत मंजूर केली. ज्याचा डावा पाय युद्धात राहिला, त्याला 'आधी क्लचची शिक, मग बघू' असं कोण सांगणार?

युरोपात मात्र गाडं वेगळ्या वाटेने गेलं. पेट्रोल महाग, इंजिनं लहान, आणि त्या काळचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जड, महाग आणि पेट्रोल पिणारे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बहुतेक नव्या गाड्या ऑटोमॅटिक झाल्या, तरी युरोप क्लचलाच धरून राहिला. ब्रिटनमध्ये १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. तिथे आजही ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिकचंच लायसन्स मिळतं. जर्मनीतही अशीच अट होती. २०२१ मध्ये त्यांनी मधला मार्ग काढला. मॅन्युअलवर किमान १० तास (४५ मिनिटांचा एक) शिकून शाळेची छोटी चाचणी द्या, मुख्य परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तरी दोन्ही चालवा.

युरोपातला एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, कारण त्याचं आपल्याशी नातं आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये एक छोटी गाडी दाखवली. तिच्यात दातेरी गिअर बदलण्याचा प्रकारच नव्हता. दोन पुली आणि त्यांवरून फिरणारे रबरी पट्टे. पुलींचा व्यास वेगाप्रमाणे कमीजास्त होणार, की झालं काम. गंमत म्हणजे ती उलटीही सुलटीइतक्याच वेगाने पळायची, आणि हॉलंडात पुढे तिच्या उलट्या शर्यती लागायच्या!

आता आपल्याकडे. अ‍ॅम्बॅसॅडर आणि फियाट (म्हणजे पुढची पद्मिनी) यांच्या काळात 'गाडी शिकणं' म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर शिकणं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून ती दांडी वरखाली होताना पाहिलेले आपण अनेक जण असू. ती शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि गिअर जमिनीवर आला. ऑटोमॅटिक गाडी सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हती.

पण माझ्या मते ऑटोमॅटिक आपल्याकडे आली होती, फक्त दोन चाकांवर! १९७२ मध्ये लुना आली आणि १९८४ मध्ये कायनेटिक होंडा. तिच्यात तोच डाफसारखा पुली-पट्ट्याचा कारभार, शिवाय बटन दाबून स्टार्ट. त्याआधी स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत गिअर पिरगाळायचे, किक मारायची आणि नाहीच सुरू झाली तर आडवी करून मग मारायची. पुण्यात ज्यांनी ऐंशी-नव्वदची दशकं पाहिली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको की शाळा-बँका-ऑफिसांकडे निघालेल्या किती बायका या बिनगिअरच्या गाड्यांवर बसून स्वतःच्या वेळेच्या मालकीण झाल्या. त्यांना 'तुम्हाला गाडी येत नाही' म्हणायची हिंमत आहे का कोणाची?

आता निमित्त सांगते. आमच्या मावशीचा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. मागे दोन जादा चाकं लावलेल्या कायनेटिक होंडावर तिने शाळेतली नोकरी केली, आजोबांचं आजारपण काढलं. आता ती निवृत्त आहे, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजीला दवाखान्यात न्यायचं तर स्कूटर उपयोगाची नाही. तिला गाडी शिकायची आहे. घराजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळ्या गाड्या क्लचच्या. तिथे उत्तर मिळालं, 'आधी गिअरची शिका, मग ऑटोमॅटिक काय, कुणीही चालवतं.' आणि आमचा मामा, ज्याने घरातल्या चौघांना गाडी शिकवली, तोही तेच म्हणतोय. मामा, तू हे वाचणार आहेस हे ठाऊक असूनच लिहितेय.

कायद्याचं म्हणशील तर आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा दुचाकीसाठी गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वर्ग करतो. चारचाकीसाठी नाही करत. अपंगांसाठी फेरफार केलेल्या वाहनाचाही वेगळा वर्ग त्यात आहे. म्हणजे अडचण कायद्याची नाही, आपल्या डोक्यातल्या 'खऱ्या'ची आहे. आणि हे 'खरं' प्रत्येक पिढी आपण सोसलेल्या त्रासावरून ठरवते. हॅंडल मारणाऱ्याला बटनवाला कच्चा वाटला असणार, डबल क्लचवाल्याला सिंक्रोमेशवाला.

मामाच्या बाजूनेही बोलायला हवं. क्लचवर शिकलेल्याला इंजिनाचा आवाज ऐकू येतो, गाडी कधी धापा टाकतेय ते पायाला कळतं. ते सुख मलाही आवडतं, माझी गाडी अजून क्लचचीच आहे. आणि ऑटोमॅटिकलाही शिकवण लागते, 'कुणीही चालवतं' हे खोटं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० गाड्या आपोआप उसळतात असा गदारोळ झाला. १९८९ च्या सरकारी अहवालाने निष्कर्ष काढला की बहुतांश वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. ब्रेक दाबल्याशिवाय 'पार्क'मधून गिअर निघू न देणारं कुलूप त्याच वादातून ऑडीत आलं. घाटात उतरताना खालच्या गिअरवर यायचं हेही ऑटोमॅटिकवाल्याला शिकावंच लागतं, ब्रेक तापायचे तेव्हा दोघांचेही तापतात.

मग शिकायचं ते काय? अंतर, उतार, आरसा, ओला रस्ता, आणि समोरचा रिक्षावाला आता काय करणार याचा अंदाज. हे शंभर वर्षांत कोणत्याही गिअरबॉक्सने चालकाकडून काढून घेतलेलं नाही. क्लच हा इंजिनाच्या स्वभावदोषावरचा इलाज होता. आपण त्यालाच ड्रायव्हिंग समजून बसलो. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक आली, त्यात तर गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच आहेत, फक्त ते दाबणारा पाय यंत्राचा. आणि आता पुन्हा विजेच्या गाड्या आल्यात. विजेची मोटर बैलासारखी, उभ्याउभ्याच पूर्ण जोर काढणारी. तिला क्लच लागतच नाही. क्लारा फोर्ड जिथे होती तिथेच आपण फिरून आलो म्हणायचं.

मावशीला ऑटोमॅटिकच घ्यावी आणि शिकवायचं काम मामानेच करावं, असा माझा ठराव आहे. त्याच्याकडे जे खरं शिकवण्यासारखं आहे, त्यात डाव्या पायाचा संबंधच नाही. बाकी तुमच्या घरी काय चाललंय? तुम्ही कशावर शिकलात, आणि कोणी शिकवलं? जरूर लिहा.